देवावर भार टाकणं कसं मोजायचं? एका प्रसिद्ध प्रश्नावलीचं वाचन

सिनॉप्सिस सादर करायचे दिवस जवळ आले की एक विषय हमखास पुढे येतो: ‘श्रद्धा आणि ताणतणाव’. मानसशास्त्र, समाजशास्त्र, समाजकार्य, नर्सिंग, कुठल्याही विभागात बघा. पद्धतही जवळजवळ ठरलेली असते. परदेशातली एखादी तयार मापनश्रेणी घ्यायची, तिचं मराठी भाषांतर करायचं, दोनशे जणांकडून भरून घ्यायची आणि सहसंबंध काढायचा. ही पद्धत चुकीची आहे असं मी म्हणत नाही. पण ती मापनश्रेणी भरून घेण्याआधी आपण ती वाचतो का? वाचतो म्हणजे, एखादी कादंबरी वाचताना जशा शंका काढतो, तशा शंका काढत वाचतो का?

आज आपण तसं वाचन करून बघू. समोर ठेवायचा प्रश्न एकच: माणूस जेव्हा म्हणतो की ‘मी आता देवावर सोडलंय’, तेव्हा तो नेमकं काय सोडतो?

आधी श्रेणीची ओळख. १९८८ मध्ये केनेथ पार्गमेंट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘जर्नल फॉर द सायंटिफिक स्टडी ऑफ रिलिजन’ या नियतकालिकात एक लेख छापला. संकट सोडवताना माणूस देवाशी कसं नातं ठेवतो, याच्या तीन तऱ्हा त्यांनी सांगितल्या. पहिली स्वावलंबी: देवाने मला बुद्धी आणि मोकळीक दिली आहे, आता प्रश्न मी सोडवायचा. दुसरी सोपवणारी: मी थांबतो, उत्तर देव देईल. तिसरी सहकारी: देव आणि मी मिळून सोडवतो. प्रत्येक तऱ्हेसाठी १२ विधानं, म्हणजे एकूण ३६. उत्तर देणाऱ्याने ‘कधीच नाही’पासून ‘नेहमी’पर्यंत खूण करायची. नमुना होता अमेरिकेतल्या प्रेस्बिटेरियन आणि लुथरन चर्चच्या १९७ सभासदांचा. निष्कर्ष थोडक्यात असा: सहकारी आणि स्वावलंबी तऱ्हेच्या लोकांमध्ये आत्मविश्वास, स्वतःवरचा ताबा अशा गोष्टी जास्त दिसल्या. सोपवणाऱ्या तऱ्हेत त्या कमी दिसल्या.

या कामाचं श्रेय आधी देऊ. टीका करायची म्हणजे पहिल्या वाक्यापासून झोडपायचं, असं नसतं. त्या काळी धार्मिकता मोजायची म्हणजे बहुधा ‘तुम्ही किती वेळा प्रार्थनेला जाता?’ एवढंच विचारलं जायचं. श्रद्धा संकटात काम कसं करते, हा प्रश्न पार्गमेंट यांनी विचारला. देवावर भरवसा म्हणजे एकच एक गोष्ट नव्हे, त्यात प्रकार असतात, हे त्यांनी दाखवलं. माझा आक्षेप पुढच्या पायरीवर आहे.

तीन तऱ्हा पुन्हा वाचा. तिन्हींच्या मागे एकच चित्र आहे: काम नावाचं एक ओझं आहे आणि ते दोघांत वाटायचं आहे. सगळं मी उचललं तर स्वावलंबी, सगळं देवाने उचललं तर सोपवणारा, निम्मं-निम्मं झालं तर सहकारी. म्हणजे देवाचा वाटा वाढला की माझा कमी झालाच पाहिजे. हे गृहीतक लेखात सिद्ध केलेलं नाही, ते विधानांच्या रचनेतच बसलेलं आहे. आणि ते प्रत्यक्ष माणसांना लागू पडतं का, हे तपासायला आपल्याकडे एक मोठं उदाहरण आहे.

पंडिता रमाबाई. १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत शारदा सदन सुरू केलं, पुढे ते पुण्याला हलवलं. त्यासाठी अमेरिकेत स्थापन झालेल्या मंडळाने दहा वर्षं पैसे द्यायचं ठरवलं होतं. म्हणजे सुरुवात अगदी व्यवहारी होती: ठराव, वर्गणी, मुदत. पुढे त्यांनी ब्रिस्टलचे जॉर्ज म्युलर, चीनमध्ये गेलेले हडसन टेलर अशा मिशनऱ्यांची चरित्रं वाचली. हे लोक कुणाकडे हात न पसरता, केवळ प्रार्थनेच्या भरवशावर मोठ्या संस्था चालवत होते. हिंदुस्थानातही असं राहता येईल का, हा प्रश्न रमाबाईंनी स्वतःला विचारला. आपल्या १९०७ च्या आत्मकथनात त्यांनी हा प्रवास सांगितला आहे. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून शेकडो मुली आणि विधवा आणल्या. १८९८ मध्ये केडगावला ‘मुक्ती’ उभी राहिली. १९०० च्या गुजरातमधल्या दुष्काळानंतर तिथली संख्या आणखी फुगली.

आता श्रेणी हातात घ्या आणि रमाबाईंना बसवून बघा. उद्याचं धान्य कुठून येईल, याचा भार देवावर आहे असं त्या सांगतात. या उत्तरावर ‘सोपवणारी’ तऱ्हेचे गुण पडतील. पण मग केडगावला विहिरी कोणी खणल्या? शेती, तेलाची घाणी, विणकाम, छापखाना हे सगळं कोणी उभं केलं? ज्या मुलींना अक्षरओळख नव्हती, त्या खिळे जुळवायला शिकल्या. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीकवरून केलेलं बायबलचं मराठी भाषांतर त्याच छापखान्यात छापलं गेलं. एवढं काम करणाऱ्या बाईला ‘सोपवणारी’ म्हणायचं का? ‘सहकारी’ म्हणावं, तर तेही अर्धवटच. निम्मं मी, निम्मं देव, असा हिशोब त्यांच्या सांगण्यात कुठेच नाही. काम पूर्ण त्यांचं आहे आणि भरवसाही पूर्ण आहे. दोन्ही एकाच वेळी शंभर टक्के असू शकतात, हे त्या श्रेणीच्या चित्रात मावत नाही.

मला यातून दिसतं ते असं: रमाबाईंनी देवाकडे काम सोपवलं नव्हतं, काळजी सोपवली होती. काम आणि काळजी या वेगळ्या गोष्टी आहेत. श्रेणी त्यांना एकच धरते.

इथे थांबा. तुमच्या गाईडने लगेच विचारायला हवं, ‘उदाहरण तुमच्या बाजूचं आहे म्हणून तपासलंच नाही का?’ तपासू. आत्मकथन हे साक्ष म्हणून लिहिलेलं असतं, श्रद्धावान वाचकांसाठी. त्यात देवाचा हात ठळक होतो आणि माणसांची धडपड फिकी होते. १८९८ मध्ये रमाबाई स्वतः अमेरिकेला गेल्या आणि तिथे त्यांच्या मदतीचं मंडळ नव्याने उभं राहिलं. ‘मुक्ती प्रेअर बेल’ नावाचं वार्तापत्र संस्थेच्या बातम्या परदेशातल्या हितचिंतकांपर्यंत नेत होतं. म्हणजे ‘कुणाकडे मागितलं नाही’ हे वाक्य शब्दशः घेण्यासारखं नाही. कळवणं आणि मागणं यांच्यातली रेषा बारीक असते. पण या शंकेने माझा मुद्दा पडत नाही. उलट प्रयत्न आपल्याला वाटले त्याहून जास्तच होते, असं निघतं, आणि तरीही भरवशाची भाषा कायम राहिली.

आता इतिहासातून आपल्या गावात येऊ. मी भाईंदरला राहते. मीरा-भाईंदर म्हटलं की लोकांना लोकलची गर्दी आणि इमारती आठवतात. पण याच महापालिकेच्या पश्चिम टोकाला उत्तन आहे, मच्छीमारांचं गाव, बरेचसे ख्रिस्ती कोळी. तिथे वेलंकनी मातेचं तीर्थस्थान आहे. समजा, तुम्ही तुमची भाषांतरित प्रश्नावली घेऊन तिथे गेलात. अंगणात बोंबील वाळत घातलेले आहेत, आणि ज्यांच्या घरचा माणूस समुद्रात गेला आहे अशा बाईंना तुम्ही विधान वाचून दाखवता. अर्थ असा: ‘अडचण आली की मी ती देवावर सोपवते.’ त्या म्हणतील, ‘नेहमी.’ तुम्ही ‘नेहमी’वर खूण कराल आणि पुढे जाल.

खूण करण्याआधी त्या घरात काय झालं होतं? डोल जाळ्याची मासेमारी भरती-ओहोटीच्या प्रवाहावर चालते, त्यामुळे उधाण कधी, भांग कधी, याचा हिशोब तिथीनुसार झालेला असतो. डिझेल आणि बर्फ भरलेला असतो. इंजिन बघितलेलं असतं. हवामान खात्याचा इशारा मोबाइलवर आलेला असतो, बंदराला कितव्या नंबरचा बावटा लागला आहे हे तांडेलाला ठाऊक असतं. हे सगळं झाल्यावर, बोट नजरेआड गेल्यावर, हातात जपमाळ येते. त्या बाईंनी जे सोपवलं, ते या क्षणी सोपवलं. आता किनाऱ्यावरून करण्यासारखं काही उरलेलंच नाही. अशा वेळी काळजी करत राहणं म्हणजे प्रयत्न करणं नव्हे. मालिनोव्स्कीने शंभर वर्षांपूर्वी ट्रोब्रिअँड बेटांवर हेच टिपलं होतं: शांत खाजणातल्या मासेमारीला विधी नव्हते, खुल्या समुद्रातल्या मासेमारीला भरपूर होते. आणि विधी केले म्हणून होडी बांधण्यात कुणी कसूर करत नव्हतं.

इथे श्रेणीतला दुसरा दोष दिसतो आणि हा तांत्रिक आहे, म्हणून नीट बघा. संकट सोडवण्याचे टप्पे असतात: प्रश्न ओळखणं, पर्याय शोधणं, निवडणं, अंमलात आणणं, शेवटी जे झालं त्याचा अर्थ लावणं. पार्गमेंट यांनी विधानं बनवताना हे टप्पे लक्षात घेतले होते, ही त्यांची जमेची बाजू. पण गुण मोजताना प्रत्येक तऱ्हेच्या १२ विधानांची बेरीज होते. बेरीज झाली की टप्पे पुसले जातात. तयारीच्या टप्प्यावर पूर्ण स्वावलंबी आणि वाट बघण्याच्या टप्प्यावर पूर्ण सोपवणारी असलेली बाई, आणि प्रत्येक टप्प्यावर थोडं हे थोडं ते करणारी गोंधळलेली बाई, या दोघींचे आकडे सारखे येऊ शकतात. पहिल्या बाईकडे एक शहाणपण आहे, कुठे हात घालायचा आणि कुठे हात काढायचा याचं. ते बेरजेत हरवतं.

हे शहाणपण फक्त उत्तनचं नाही. मीरा रोडच्या नया नगरमध्ये कुणालाही ‘तवक्कुल’ म्हणजे काय, असं विचारा. बहुतेक वेळा प्रेषितांच्या हदीसमधला उंट पुढे येईल: आधी उंट बांध, मग अल्लाहवर भरवसा ठेव. आपल्या मराठीत ‘प्रयत्नांती परमेश्वर’ म्हणतात. त्यातला ‘अंती’ हा शब्द बघा, तो क्रम सांगतो. आणि जो हा क्रम मोडतो त्याची टिंगल करायला ‘असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी’ ही म्हण तयारच आहे. म्हणजे नुसतं पडून राहणारा सोपवणारा आपल्या समाजालाही माहीत आहे आणि मान्य नाही. भाषेने दोन माणसांना वेगळं केलं आहे, श्रेणी त्यांना एकाच रकान्यात घालते.

भाईंदर पश्चिमेला गेलात तर तिसरी अडचण उभी राहते. तिथे जैन वस्ती मोठी आहे, देरासरं आहेत. जैन तत्त्वज्ञानात जग निर्माण करणारा आणि माणसाचे प्रश्न सोडवणारा ईश्वर नाही. तीर्थंकर पूजनीय आहेत, पण ते येऊन संकट निवारत नाहीत. कर्म ज्याचं त्याचं, पुरुषार्थ ज्याचा त्याचा. आता रोज देरासरात जाणारे, पर्युषणात उपवास करणारे आजोबा तत्त्वाला धरून ही प्रश्नावली भरतील, तर ‘सोपवणारी’ आणि ‘सहकारी’ या तऱ्हांमध्ये त्यांना जवळजवळ शून्य गुण पडतील. ‘मी माझं बघतो’ म्हणणाऱ्या निरीश्वरवादी कॉलेजकुमारालाही साधारण तेच पडतील. आकडा एक, अर्थ पूर्ण वेगळे. यालाच आपण वैधतेचा प्रश्न म्हणतो. श्रेणीची विश्वसनीयता उत्तम येईल, क्रोनबाख अल्फा झकास येईल, आणि तरीही तुम्ही भलतंच काहीतरी मोजत असाल.

मग भाषांतराचं बघा. ‘सोपवणे’ हा शब्द मी वर सोयीसाठी वापरला. पण मराठी माणूस देवाच्या बाबतीत किती क्रिया करतो! तो भार टाकतो, हवाला ठेवतो, शरण जातो, नवस बोलतो, कौल लावतो. नवस हा करार आहे: काम झालं तर मी फेडीन. कौल म्हणजे मार्गदर्शन मागणं. कोकणातल्या देवळात देवाला कौल लावतात तो नेमक्या निर्णयासाठी, आणि बऱ्याचदा तो एकट्याचा नसतो, घराचा किंवा गावाचा असतो. शरण जाण्यात ‘मी करतो’ हा भाव सोडणं आहे, काम सोडणं नाही. टिळकांनी ‘गीतारहस्य’ (१९१५) लिहिलं ते याच मुद्द्यावर ठासून: ईश्वरार्पण म्हणजे कर्मत्याग नव्हे. या सगळ्या क्रियांना एका ‘सोपवतो’ने भाषांतरित केलंत, तर उलट भाषांतराची चाचणी पास होईल, पण उत्तर देणारा मनात कुठली क्रिया धरून बसला आहे हे कळणार नाही.

एक आक्षेप निष्कर्षावरही. सोपवणाऱ्या लोकांमध्ये आत्मविश्वास कमी दिसला, हे खरं. पण हा एकाच वेळी घेतलेला नमुना आहे. सोपवल्यामुळे आत्मविश्वास घटला, की ज्यांच्या हातात मुळातच काही नव्हतं त्यांनी सोपवलं? दोन्ही शक्य आहे. पुढच्या संशोधनाने चित्र आणखी गुंतागुंतीचं केलं. १९९८ मध्ये प्रेस्बिटेरियन लोकांवरच झालेल्या एका अभ्यासात, ताण फार वाढल्यावर निव्वळ स्वावलंबी तऱ्हेच्या लोकांमध्ये उदासी जास्त आढळली, सहकारी तऱ्हेच्या लोकांमध्ये कमी. म्हणजे ‘माझं मी बघतो’ हे शांत दिवसांत चालतं, वादळात जड जातं. २००० मध्ये वाँग-मॅकडोनाल्ड आणि गोरसच यांनी ‘शरणागती’ ही चौथी तऱ्हा सुचवली: वाट बघत बसणं वेगळं, आणि स्वतःची इच्छा जाणीवपूर्वक बाजूला ठेवून देवाच्या मार्गाने चालणं वेगळं. ही दुरुस्ती स्वागतार्ह आहे. पण त्यांचा नमुनाही ख्रिस्ती विद्यार्थ्यांचाच होता, आणि चौथा रकाना वाढवला तरी बेरजेचा प्रश्न तसाच राहतो.

तुम्ही म्हणाल, एवढा कीस कशाला? पदवी मिळवायची आहे, सगळेच अशी श्रेणी वापरतात. माझं उत्तर असं. तुमच्या प्रबंधातलं वाक्य तुमच्यापाशी राहत नाही. ‘मच्छीमार स्त्रियांमध्ये सोपवण्याची वृत्ती जास्त आढळली’ हे वाक्य उद्या कुणाच्या तरी अहवालात जाईल. तिथून ‘हे लोक दैववादी आहेत, त्यांचं प्रबोधन करायला हवं’ इथवर जायला फार वेळ लागत नाही. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ मुंबईच्या किनाऱ्याजवळून गेलं. अशा वादळानंतर विचारायचे प्रश्न असतात: इशारा वेळेत पोचला का, बोटी लावायला सुरक्षित जागा होती का, भरपाई मिळाली का. त्याऐवजी लोकांच्या श्रद्धेवर बोट ठेवलं गेलं, तर आपल्या चुकीच्या रकान्याने ज्यांनी करायचं ते केलं होतं त्यांनाच दोषी ठरवलं, असा त्याचा अर्थ होईल.

उलट बाजूही लक्षात ठेवा. घातक सोपवणं असतंच. ‘देव बरं करील’ म्हणून गोळ्या बंद करणारा रुग्ण तुम्हाला भेटेल. आणि स्वतः पुढच्या वर्षाची तजवीज करून दुसऱ्याला ‘देवावर सोड’ म्हणणारेही भेटतील. महात्मा फुल्यांनी एकोणिसाव्या शतकातच विचारलं होतं की धर्माच्या नावाने चाललेल्या व्यवहारात पदरात कुणाच्या काय पडतं. भरवसा कोण कुणाला शिकवतं आहे, हा प्रश्न ३६ पैकी एकाही विधानात नाही. तो तुम्हाला मुलाखतीतच विचारावा लागेल.

मग करायचं काय? तीन गोष्टी सुचवते. एक, श्रेणी वापरण्याआधी निदान आठ-दहा जणांशी सविस्तर बोला. प्रत्येक विधान वाचून दाखवा आणि ‘हे ऐकून तुमच्या डोळ्यांसमोर काय आलं?’ एवढंच विचारा. संशोधनात याला बोधात्मक मुलाखत म्हणतात आणि तिचे दोन दिवस पुढचे सहा महिने वाचवतात. दोन, टप्पे वेगळे ठेवा. तयारीत काय केलंत, निर्णय कसा घेतलात, हातात काही उरलं नाही तेव्हा काय केलंत, असे वेगळे प्रश्न विचारा आणि त्यांची एकत्र बेरीज करू नका. तीन, काम आणि काळजी यांच्यासाठी वेगळी विधानं बनवा. ‘मी प्रयत्न थांबवतो’ आणि ‘मी घोर करणं थांबवतो’ ही दोन विधानं शेजारी ठेवा आणि किती लोक एकाला ‘कधीच नाही’ आणि दुसऱ्याला ‘नेहमी’ म्हणतात ते मोजा. माझा अंदाज आहे की असे लोक पुष्कळ निघतील. अंदाज चुकला, तर तोही निष्कर्ष छापण्यासारखा असेल.

पार्गमेंट यांची श्रेणी फेकून द्या, असं मी सांगत नाही. सुरुवातीचा आधार म्हणून ती चांगली आहे, आणि गाईडसमोर ठेवायला एक ओळखीचं नाव मिळतं. फक्त सिनॉप्सिसच्या ‘साधने’ या शीर्षकाखाली तिचं नाव लिहिताना पुढच्या ओळीत हेही लिहा की ती कुणावर बेतली होती आणि तुमच्या माणसांमध्ये नेऊन वापरण्याआधी तुम्ही तिच्यात काय बदललं. समितीतले लोक नेमकी तीच ओळ शोधत असतात.